अंग चोरल्याचा शिक्का

२ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या टोरोंटो रॅप्टर्स क्लबने आपला जुना खेळाडू व्हिन्स कार्टरचा १५ नंबर निवृत्त केला, म्हणजे तो नंबर आता दुसऱ्या कुणाला मिळणार नाही आणि जर्सी छताला टांगली गेली. क्लबच्या इतिहासात हा मान मिळालेला तो पहिलाच खेळाडू. डोळे पुसत टाळ्या वाजवणाऱ्यांत असेही अनेक जण असणार, ज्यांनी १५ एप्रिल २००५ ला याच छताखाली घसा बसेपर्यंत त्याची हुर्यो उडवली होती. तेव्हा तो न्यू जर्सी क्लबकडून पहिल्यांदा टोरोंटोत खेळायला आला होता. चेंडू हातात आला की शिट्ट्या आणि शिव्या. त्याने ३९ गुण काढले आणि सामना जिंकून गेला.

टोरोंटोच्या रागामागे दोन आकडे होते. २००४-०५ च्या हंगामात ट्रेड होण्याआधीच्या, म्हणजे क्लबने त्याला दुसऱ्या क्लबच्या खेळाडूंच्या बदल्यात देण्याआधीच्या, २० सामन्यांत कार्टरची सरासरी १५.९ गुण. १७ डिसेंबर २००४ ला तो न्यू जर्सीला गेला आणि उरलेल्या ५७ सामन्यांत सरासरी २७.५. माणूस तोच, गुडघे तेच, हंगामही तोच. आपल्याकडे अंग चोरत होता, हे सांगायला चाहत्यांना आणखी पुरावा नको होता. त्यात जानेवारी २००५ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत, पूर्वी नेहमीच जीव तोडून खेळलास का, या प्रश्नाला त्याने जवळजवळ ‘नाही’ असं उत्तर दिलं. त्याला म्हणायचं होतं की उपजत गुणांवर आपण विसंबून राहिलो. ऐकणाऱ्यांनी तो कबुलीजबाब धरला.

मग जुनी खातीही उघडली. २० मे २००१ ला फिलाडेल्फियाविरुद्ध मालिकेचा सातवा, निर्णायक सामना होता. त्या दिवशी सकाळी कार्टर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला गेला, विमानाने परतला आणि खेळला. शेवटचा फटका त्याच्याच हातात होता. तो चुकला, ८८-८७ ने हार झाली. फटका पडला असता तर तीच सकाळ ‘आईला दिलेला शब्द पाळणारा मुलगा’ म्हणून सांगितली गेली असती, याबद्दल मला तरी शंका नाही.

हा निवाडा समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं, कारण खेळाडूच्या ‘वृत्ती’ची मोजपट्टी चाहत्यांनी एकट्याने बनवलेली नाही. अमेरिकी व्यावसायिक खेळांत अनेक दशकं राखीव कलमाची पद्धत होती. करार संपला तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच. त्याला हव्या त्या क्लबात जाता येत नसे, क्लबला मात्र स्वतःला हव्या त्या गावी त्याला धाडता येई. विल्ट चेंबरलेनसारखा राक्षसी ताकदीचा बास्केटबॉल खेळाडूही १९६५ आणि १९६८ असा दोनदा ट्रेड झाला. त्या काळात चांगल्या वृत्तीचा खेळाडू म्हणजे तोंड न उघडता बॅग भरणारा.

या व्यवस्थेला धक्का दिला तो बेसबॉलमधल्या कर्ट फ्लडने. सेंट लुईसने १२ हंगामांनंतर १९६९ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला, आपण विकण्या-खरेदीची वस्तू नाही असं आयुक्तांना कळवलं आणि कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५-३ ने हरला. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्या माणसाने कसली तक्रार करायची, हा सूर तेव्हाचा. आजही कोणी खेळाडू ट्रेडबद्दल कुरकुरला की पहिली प्रतिक्रिया हीच येते, फक्त आकड्यापुढची शून्यं वाढलीत.

बास्केटबॉलमध्ये ही लढाई ऑस्कर रॉबर्टसनच्या नावाने लढली गेली. खेळाडू संघटनेचा तो अध्यक्ष. १९७० मध्ये दावा, १९७६ मध्ये तडजोड, आणि १९८८ पासून अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला करार संपल्यावर खरोखर मोकळं जाता येऊ लागलं. ट्रेड मात्र राहिलाच. करार चालू असेल तर क्लब तो करारासकट माणूस दुसरीकडे पाठवू शकतो. नकाराधिकार करारात लिहून घेता येतो, पण त्यासाठी लीगमध्ये ८ वर्षं आणि त्या क्लबकडे ४ वर्षं झालेली असावी लागतात. असे भाग्यवान हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

रॉबर्टसनचा मिलवॉकीतला सहकारी करीम अब्दुल-जब्बार. दोघांनी १९७१ चं विजेतेपद मिळवून दिलं होतं. करीमने ऑक्टोबर १९७४ मध्ये क्लबकडे खासगीत सांगितलं की मला न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला जायचंय. बातमी फुटायला काही महिने लागले, १९७५ च्या उन्हाळ्यात तो लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेला. गावाला नावं ठेवली नाहीत, मैदानावर हात आखडता घेतला नाही. ‘सभ्यपणे कसं निघावं’ याचं उदाहरण म्हणून जुने लोक अजून त्याच्याकडे बोट दाखवतात. बातमी फुटायला महिने लागण्याचे ते दिवस होते, हे ते सांगत नाहीत.

आता खिशातला मोबाइलही पुरावा ठरतो. तोही अक्षरशः. ऑक्टोबर २०२१ मध्ये फिलाडेल्फियाचा बेन सिमन्स ट्रेड मागून रुसला होता. सरावाला आला तो ढगळ पँट घालून, आणि पँटच्या खिशात फोन. बाहेरून दिसणारा तो चौकोनी फुगवटा लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी त्याला सरावातून हाकललं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ब्रुकलिनला गेला, तिथे त्या हंगामात एकही सामना खेळला नाही, आणि मे महिन्यात त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. दुखणं खरं निघालं, पण फोनचा फुगवटा काही पुसला गेला नाही.

उलट टोकाला हॅरिसन बार्न्स. ६ फेब्रुवारी २०१९, डॅलसमध्ये शार्लटविरुद्ध सामना चालू होता आणि सामन्याच्या मधेच बातमी आली की बार्न्स सॅक्रामेंटोला ट्रेड झाला. तो उठून गेला नाही. बाकावर, कालपर्यंतच्या नव्हे, तासाभरापूर्वीपर्यंतच्या सहकाऱ्यांशेजारी बसून सामना संपेपर्यंत त्यांना टाळ्या देत राहिला. तो फोटो टाकून लीगमधला बडा खेळाडू लेब्रॉन जेम्सने विचारलं होतं की खेळाडूने जायचं म्हटलं की तो स्वार्थी, मग क्लबने असं केलं तर? प्रश्न रास्त होता. त्याच्या आठवडाभर आधी न्यू ऑर्लिन्सच्या अँथनी डेव्हिसला, एजंटने त्याची ट्रेडची मागणी जाहीर केली म्हणून लीगने ५० हजार डॉलरचा दंड ठोकला होता. क्लबने खेळाडूला पत्ता न लागू देता त्याचा सौदा करणं हा मात्र रोजचा कारभार. (त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना खेळले, तेव्हा बार्न्स सॅक्रामेंटोच्या संघात होता.)

हुर्यो किती टिकते? सॅन अँटोनियोने क्वाय लेनर्डला २०१८ मध्ये टोरोंटोला दिलं. त्याआधीच्या हंगामात मांडीच्या दुखापतीमुळे तो फक्त ९ सामने खेळला होता आणि त्याचं क्लबच्या डॉक्टरांशी पटत नव्हतं. जानेवारी २०१९ मध्ये तो परत आला तेव्हा ‘गद्दार’ म्हणून ओरडले. नोव्हेंबर २०२३ मध्येही ओरडणं चालूच होतं, इतकं की त्याचे जुने प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी चालू सामन्यात माइक हातात घेऊन आपल्याच प्रेक्षकांना थांबा म्हणून बजावलं. हे वाचताना वानखेडे आठवत असेल. गुजरातकडून मुंबईत ट्रेड होऊन कर्णधार झालेल्या हार्दिक पंड्याला १ एप्रिल २०२४ ला तिथे शिट्ट्या पडत होत्या आणि नाणेफेकीला संजय मांजरेकर माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगत होते. तीन महिन्यांनी विश्वचषक जिंकून तोच हार्दिक त्याच मैदानात आला तर त्याच्या नावाचा जयघोष. एका विजयाने निकाल फिरला. क्वायने २०१९ चं विजेतेपद मिळवलं, पण ते टोरोंटोला, त्यामुळे सॅन अँटोनियोत त्याचा काही उपयोग नव्हता.

चाहते नेहमी क्लबच्याच बाजूने असतात असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिचला लेकर्सकडे दिलं. त्यानंतर त्याचं वजन, तंदुरुस्ती, शिस्त यांच्या बातम्या पद्धतशीर बाहेर येऊ लागल्या. डॅलसकरांनी त्या ऐकून घेतल्या नाहीत. आदल्याच वर्षी या गड्याने आपल्याला अंतिम फेरीत नेलं होतं. घोषणा सुरू झाल्या त्या जनरल मॅनेजर निको हॅरिसनला काढा म्हणून. एप्रिलमध्ये लुका परत आला, त्याच्या सन्मानार्थ दाखवलेली चित्रफीत बघताना रडला आणि ४५ गुण मारून गेला. नोव्हेंबरमध्ये हॅरिसनची नोकरी गेली.

पुन्हा टोरोंटो. कार्टरच्या बदल्यात जे आले त्यांत मोठं नाव अलोन्झो मोर्निंगचं होतं. वर्षभरापूर्वी त्याचं मूत्रपिंड बदललं होतं आणि प्रकृतीचं कारण सांगून त्याने टोरोंटोत पाऊलच टाकलं नाही. क्लबने पैसे देऊन करार मोकळा केला, तो मायामीला गेला आणि २००६ मध्ये विजेता झाला. मायामीत त्याचा ३३ नंबर २००९ पासून छताला टांगलेला आहे, म्हणजे कार्टरच्या जर्सीआधी पंधरा वर्षं. जिद्दीचा माणूस म्हणून तिथे त्याचं नाव घेतात. रॅप्टर्ससाठी तो एक मिनिटही खेळला नाही.