जपानी भाषेत रॉक : ‘काझेमाची रोमान’पर्यंतची वाट

जपानी बँडचा नवा अल्बम आला की गाणी जपानीत असणार, हे आज आपण गृहीत धरतो. १९७०च्या आसपास मात्र याच मुद्द्यावरून तिथले कलावंत हिरिरीने भांडत होते. माझे बहुतेक लाडके अल्बम त्या भांडणाचा निकाल लागल्यानंतरचे आहेत.

१९६६मध्ये बीटल्स टोकियोच्या बुदोकानमध्ये वाजवून गेले आणि ‘ग्रुप साउंड्स’च्या लाटेला उधाण आलं. एकसारखे सूट घातलेले देखणे तरुण, हातात इलेक्ट्रिक गिटार, आणि बरीचशी गाणी व्यावसायिक गीतकार-संगीतकारांकडून बेतून घेतलेली. ‘ब्लू कॉमेट्स’च्या ‘ब्लू शातो’ला तर १९६७चा जपान रेकॉर्ड पुरस्कारही मिळाला. चाल सुरेख आहे, पण त्यात मला रॉक फारसा सापडत नाही.

दोन-तीन वर्षांत ही लाट ओसरली. मनापासून रॉक करू पाहणारे अनेक जण इंग्रजीकडे वळले. त्यांच्यात गायक युया उचिदा यांचा आवाज सर्वांत मोठा. जपानी शब्द रॉकच्या ठेक्यावर बसत नाहीत आणि जगापर्यंत पोचायचं तर इंग्रजीतच गायला हवं, असं ते ठामपणे मांडत. यातला पहिला मुद्दा हवेतला नव्हता. जपानीत जवळपास प्रत्येक अक्षर स्वरान्त आणि सारख्याच लांबीचं असतं, इंग्रजीसारखे ठसठशीत आघात त्यात मिळत नाहीत. उचिदांनी उभ्या केलेल्या ‘फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड’चा ‘सातोरी’ (१९७१) हा अल्बम इंग्रजीतच आहे आणि आजही अंगावर येतो.

दुसऱ्या बाजूला होता जपानीत गाणारा बँड ‘हॅप्पी एंड’: हारुओमी होसोनो, एइची ओताकी, शिगेरु सुझुकी आणि ड्रम वाजवता वाजवता शब्द लिहिणारे ताकाशी मात्सुमोतो. त्यांचा पहिला अल्बम १९७०मध्ये ‘यूआरसी’ने काढला. सभासदांना टपालाने रेकॉर्ड पाठवण्यापासून सुरू झालेली ही छोटी कंपनी. मोठ्या कंपन्या ज्या गाण्यांना बिचकत, ती इथे निघत.

मग नोव्हेंबर १९७१मध्ये त्यांचा दुसरा अल्बम ‘काझेमाची रोमान’ आला. १९६४च्या ऑलिंपिकसाठी रस्ते रुंद करताना मात्सुमोतोंच्या लहानपणीचं टोकियो पुसलं गेलं होतं. ते त्यांनी शब्दांत पुन्हा वसवलं. ओताकी अक्षरं तोडून, ताणून ठेक्यावर चढवतात. होसोनो मात्र खालच्या पट्टीत, बोलल्यासारखं गातात. ‘काझे ओ आत्सुमेते’ हे गाणं त्याच आवाजात आहे आणि माझ्या मते वादाचं सर्वांत पक्कं उत्तर तेच. इथे आघातांची उणीव भासतच नाही, कारण चालच भाषेच्या श्वासातून निघाली आहे. २००७मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या जपानी आवृत्तीने शंभर श्रेष्ठ जपानी रॉक अल्बमांत ‘काझेमाची रोमान’ला पहिला क्रमांक दिला. मला तो निवाडा पूर्ण मान्य आहे.

तिसरा अल्बम लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि १९७३मध्ये बाजारात आला, तोवर बँड फुटला होता. तो ऐकताना चौघं चार दिशांना निघालेले जाणवतात; मी त्याला दुसऱ्याच्या बराच खाली ठेवतो. त्याच वर्षी होसोनो आणि सुझुकी यांनी गायिका युमी आराई यांच्या ‘हिकोकीगुमो’ या पहिल्या अल्बमला साथ केली. ‘काझेमाची रोमान’नंतर काय ऐकावं असं कुणी विचारलं, तर मी तिसऱ्या अल्बमाआधी त्याचंच नाव सांगतो.