बेकर स्ट्रीटची वाट कार्डिफवरून
बीबीसीच्या 2010 मध्ये सुरू झालेल्या 'शेरलॉक' या शेरलॉक होम्सवरच्या मालिकेत पाहिलेला चेहरा 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेतही दिसला, की प्रेक्षक त्याला योगायोग म्हणून सोडून देतात. वास्तविक ही देवाणघेवाण एकाच संस्थेत वर्षानुवर्षे एकत्र काम करणाऱ्या माणसांमधून घडली असून तिची मुळे 2010 च्या बरीच मागे जातात.

1982 मध्ये बीबीसीने कॉनन डॉयल यांच्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीवर चार भागांची मालिका केली. त्यात होम्स झालेले टॉम बेकर वर्षभरापूर्वीपर्यंत 'डॉक्टर', म्हणजे 'डॉक्टर हू'चा नायक होते (ही भूमिका वेळोवेळी नवा कलाकार करतो), आणि 1977 मधल्या व्हिक्टोरियन लंडनच्या एका कथेत त्यांनी डॉक्टर म्हणूनच होम्सची ती प्रसिद्ध टोपी घातली होती. या मालिकेचे निर्माते बॅरी लेट्स आणि पटकथा-संपादक टेरन्स डिक्स या जोडीने सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात 'डॉक्टर हू'ची धुरा वाहिली होती. बेकर यांची डॉक्टर म्हणून निवडही लेट्स यांचीच. याच कादंबरीतली लॉरा लायन्स साकारणाऱ्या कॅरोलाइन जॉन या 1970 मध्ये डॉक्टरच्या सहकारी शास्त्रज्ञाच्या भूमिकेत होत्या. मला हा दुवा फार मोलाचा वाटतो, कारण आजच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

2005 मध्ये 'डॉक्टर हू' नव्याने सुरू झाली ती वेल्समध्ये, कार्डिफ शहरात. तिच्यासाठी लिहिणारे स्टीव्हन मॉफट आणि मार्क गॅटिस लंडन-कार्डिफ आगगाडीने ये-जा करत, आणि आजच्या काळातला होम्स कसा असेल, ही कल्पना त्या प्रवासातल्या गप्पांतून आकाराला आली. त्यातून झालेल्या 'शेरलॉक'च्या निर्मितीची जबाबदारी मॉफट यांच्या पत्नी स्यू व्हर्च्यू यांनी घेतली. त्यांच्या आई बेरिल व्हर्च्यू साठच्या दशकात 'डॉक्टर हू'मधल्या डेलेक या खलनायकी यंत्रजीवांचे जनक टेरी नेशन यांच्या एजंट होत्या, आणि त्या यंत्रजीवांच्या हक्कांत लेखकाचा वाटा राहील अशी तजवीज त्यांनीच केली होती. म्हणजे हे नाते घरातलेही होते.

पडद्यावर होम्सच्या घराचे, 221बी बेकर स्ट्रीटचे दार उघडते ते लंडनच्या नॉर्थ गॉवर स्ट्रीटवर. होम्सने गोळ्या झाडलेली, पिवळा हसरा चेहरा रंगवलेली ती भिंत मात्र वेल्समधल्या स्टुडिओत उभारलेली होती. ती खोली सजवणारे आर्वेल विन जोन्स 'डॉक्टर हू'च्या कलाविभागातून आले होते. दिग्दर्शकांमध्ये यूरोस लिन, टोबी हेन्स, निक हुरन आणि रेचल टॅललाय यांनी दोन्हीकडे काम केले.

कलाकारांची यादी लांबलचक आहे. 'शेरलॉक'च्या पहिल्याच भागातला टॅक्सीचालक झालेले फिल डेव्हिस 2008 मध्ये 'डॉक्टर हू'च्या पॉम्पेईच्या कथेत होते, तर 'शेरलॉक'मध्ये दिसलेल्या लिंडसे डंकन आणि जेमा चॅन 2009 च्या मंगळावरच्या एकाच भागात एकत्र दिसल्या होत्या. होम्सचा साथीदार वॉटसनच्या भूमिकेसाठी चाचणी देऊन नाकारले गेलेले मॅट स्मिथ थोड्याच दिवसांत अकरावे डॉक्टर म्हणून निवडले गेले. गॅटिस स्वतः एकीकडे होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट झाले, तर दुसरीकडे 2007 मध्ये राक्षसात बदलणारे लाझरस.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचे वाटते ते वांडा व्हेंथम यांचे उदाहरण. 1967, 1977 आणि 1987 असे दर दहा वर्षांनी त्या 'डॉक्टर हू'मध्ये येऊन गेल्या, आणि 2014 मध्ये 'शेरलॉक'मध्ये होम्सच्या आईच्या भूमिकेत आल्या, तेव्हा समोर होम्स म्हणून उभा होता त्यांचाच मुलगा, बेनेडिक्ट कंबरबॅच.