गोल्डन बॅरल कॅक्टस

मध्य मेक्सिकोतल्या खोल दऱ्यांच्या कड्यांवर वाढणारा, पिवळ्याधमक काट्यांचा, पिंपासारखा गोल निवडुंग. कूळ कॅक्टेसी, शास्त्रीय नाव क्रोएनलेनिया ग्रुसोनाय, तर जुने आणि रोपवाटिकांत अजूनही चालणारे नाव इकायनोकॅक्टस ग्रुसोनाय. जगभरच्या बागांत आणि गच्च्यांवर तो सहज दिसतो. मूळ रानात मात्र इतका विरळ झाला आहे, की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे. वाळवंटी म्हणून त्याला नुसत्या वाळूत लावणारे आणि घरचे झाड म्हणून रोज तांब्याभर पाणी घालणारे, दोघेही त्याला गमावतात. तो खडकाच्या फटीत वाढणारा आहे, आणि लागवडीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

नाव आणि ओळख

हिल्डमान या जर्मन कॅक्टसतज्ज्ञाने १८९१ मध्ये या झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘ग्रुसोनाय’ हे नाव माग्डेबुर्गचे कारखानदार हेर्मान ग्रुसोन यांच्यावरून आले. त्यांचा निवडुंगांचा संग्रह त्या काळी युरोपात गाजलेला होता. त्यांच्या मृत्यूनंतर तो शहराकडे गेला आणि १८९६ पासून लोकांसाठी खुला झाला. या झाडाचे नाते इकायनोकॅक्टसपेक्षा फेरोकॅक्टस या दुसऱ्या निवडुंग-गटाशी अधिक जवळचे असल्याचे पुढे दिसून आले, म्हणून २०१४ मध्ये कॅक्टस-अभ्यासक जोएल लोदे यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती केली आणि तिला मोनाकोच्या वनस्पती उद्यानाचे माजी संचालक मार्सेल क्रोएनलेन यांचे नाव दिले. मेक्सिकोत गोल निवडुंगांना सरसकट ‘बिझनागा’ म्हणतात. याच झाडाला स्पॅनिश आणि जर्मन भाषांत ‘सासूचे आसन’ असेही नाव आहे. त्यामागचा विनोद मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द फार ऐसपैस वापरला जातो. कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंग खरा कॅक्टस नव्हे. तो एरंडाच्या कुळातला असून कापल्यावर त्यातून पांढरा चीक येतो. फड्या निवडुंग हा कॅक्टस आहे, पण तोही मूळचा अमेरिका खंडातला. ओळखण्याची खूण सोपी आहे: कॅक्टसचे काटे नेहमी लोकरीच्या बारीक गादीतून, म्हणजे एरिओलमधून, झुबक्याने निघतात. गोल्डन बॅरलच्या एका गादीतून कडेचे ८–१० आणि मधले ३–५ काटे येतात. ते कोवळे असताना सोनेरी असतात आणि वयाबरोबर फिकट, मग राखाडी होतात. पांढऱ्या काट्यांचे आणि अगदी आखूड काट्यांचे प्रकारही बाजारात मिळतात.

पूर्ण वाढलेल्या झाडाला २० ते ३५ उभ्या धारा असतात. व्यास ४० ते ८० सेंटिमीटर, क्वचित मीटरभर. धारांमधल्या घड्या भात्यासारख्या काम करतात: पाऊस पडला की खोड फुगते, कोरड्या दिवसांत आक्रसते, आणि साल फाटत नाही. रोप लहान असताना मात्र धारा नसतात, नुसत्या गाठी असतात. त्यामुळे पहिली काही वर्षे ते वेगळ्याच जातीचे वाटते, आणि ‘फसवले’ म्हणून ग्राहक रोपवाटिकेत परत येतात.

मूळ ठिकाण

केरेतारो आणि इदाल्गो या राज्यांच्या सीमेवरच्या दऱ्या हे याचे जुने माहेर. नंतर सकातेकासमध्येही त्याची वस्ती आढळली. उतार तीव्र, खडक उघडा, माती फटीत साचेल तेवढीच. पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात पडतो आणि तासाभरात वाहून जातो. उंचीमुळे रात्री गार असतात. १९९० च्या दशकात मोक्तेसुमा नदीवर सिमापान धरण झाले आणि वस्तीचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्याआधीपासूनच संग्राहकांसाठी रानातून झाडे उपटून नेली जात होती. आज मेक्सिकोच्या कायद्याने ही जात संरक्षित आहे आणि जवळपास सगळ्या कॅक्टस कुळाप्रमाणे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. भारतातल्या रोपवाटिकांत मिळतात ती रोपे बियांपासून वाढवलेली असतात.

गार रात्रीचा मुद्दा लागवडीत सहसा विसरला जातो. हे झाड दिवसा पर्णरंध्रे बंद ठेवते आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते; दिवसा सूर्यप्रकाशात त्याचे अन्न होते. रात्र उकाड्याची असली, तर हा व्यवहार मंदावतो. म्हणून पुणे, नाशिक किंवा साताऱ्याच्या पठारावर झाड जोमाने वाढते, आणि मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यात तितकीच काळजी घेऊनही रेंगाळते. यात माळ्याचा दोष नाही.

माती आणि कुंडी

मिश्रणात तीन हिस्से दगडी आणि एक हिस्सा सेंद्रिय, हे प्रमाण धरावे. दगडी भागासाठी धुतलेली भरड वाळू (२ ते ४ मिलिमीटर), विटांचे ५ ते ८ मिलिमीटरचे तुकडे आणि मिळाल्यास परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे). सेंद्रिय भागासाठी पूर्ण कुजलेले पानांचे खत किंवा गांडूळखत. वाळू आणि विटा चाळून त्यांची धूळ काढून टाकावी. धूळ राहिली तर ती तळाशी बसून मुळांची हवा तोडते. समुद्राची वाळू वापरू नये, तिच्यात मीठ असते. काळी माती चिमूटभरही नको. कोकोपीट अनेक जण वापरतात, पण या झाडाला ते सोयीचे नाही: ओले झाले की दिवसेंदिवस ओले राहते, आणि पूर्ण वाळले की पाणी आत घेतच नाही, कडेने सोडून देते. चाचणी अशी: कुंडी भरून वरून पाणी ओतावे. ते पृष्ठभागावर तळे करून न थांबता काही सेकंदांत खालून निघायला हवे.

कुंडी झाडाच्या व्यासापेक्षा ३ ते ४ सेंटिमीटर रुंद, त्याहून मोठी नाही. मोठ्या कुंडीतल्या ज्या मातीपर्यंत मुळे पोचलेली नाहीत ती ओलीच राहते, आणि कूज तिथून सुरू होते. मुळे उथळ पसरतात, म्हणून उंच कुंडीपेक्षा बसकी बरी. भाजलेल्या मातीची असेल तर उत्तम. तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत घरोघर आहे, पण तिचा उपयोग नाही. पाणी बारीक मातीतून भरड थरात सहजी उतरत नाही, ते सांध्यावरच अडते, म्हणजे ओल उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

पाणी

एकदा द्यायचे ते भरपूर, खालून निथळेपर्यंत. मग माती तळापर्यंत वाळल्याशिवाय पुन्हा नाही. बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. ती दमट लागली तर थांबावे. १५ सेंटिमीटरच्या कुंडीला पठारी भागात मार्च ते मे या काळात साधारण ७ ते १० दिवसांनी, ऑक्टोबरमध्ये दहा-बारा दिवसांनी आणि डिसेंबर-जानेवारीत तीन-चार आठवड्यांनी एकदा पाणी लागते. प्लास्टिकच्या कुंडीत हे अंतर वाढवावे. पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्यावे. माथ्यावरच्या लोकरीत ते साचू देऊ नये. पारा चाळिशीला गेला की झाड वाढ थांबवते. अशा वेळी ‘उन्हाने सुकतंय’ म्हणून रोज पाणी घातले की तापलेल्या ओल्या मातीत मुळे शिजल्यासारखी होतात.

खरी परीक्षा पावसाळ्याची. मूळ जागी पाऊस आपल्याकडच्या दुष्काळी पट्ट्यासारखा कमी; मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पहिले चार-दोन वळीव झाडाला मानवतात, किंबहुना त्यांनी ते तरारते. सततची झड सुरू झाली की वर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक हवे आणि चारही बाजू वाऱ्याला उघड्या हव्यात. झाड उचलून घरात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले, तर ते पावसापासून वाचते आणि प्रकाशाअभावी बिघडते. पुण्यासारख्या ठिकाणी उंच वाफ्यात, उतारावर, जमिनीत लावलेली मोठी झाडे उघड्या पावसात टिकतात. कोकणात हे धाडस करू नये.

ऊन आणि खत

रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. पण रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखालून आणलेले झाड लगेच गच्चीवर ठेवले, तर चार दिवसांत भाजते. भाजलेली साल आधी पिवळट-पांढरी, मग खाकी आणि बुचासारखी होते. हा डाग कायमचा असतो. दोन-तीन आठवडे रोज थोडे वाढवत ऊन द्यावे. १० सेंटिमीटरपेक्षा लहान रोपांना एप्रिल-मेमध्ये ३० ते ५० टक्के सावलीची जाळी लागते. झाडाची दक्षिणेकडची बाजू काट्याला दोरा बांधून लक्षात ठेवावी आणि जागा बदलताना तीच बाजू दक्षिणेला करावी. ऊन कमी पडले, तर माथा फिकट हिरवा, निमुळता होतो आणि नवे काटे विरळ येतात. अशी वाढ नंतर उन्हात ठेवूनही गोल होत नाही; कंबर बारीक ती बारीकच राहते.

खत कमीच. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत) पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम, तेही ओल्या मातीत. नत्र जास्त झाले की खोड मऊसर फुगते, चिरते आणि बुरशीला वाट मिळते. ताजे शेणखत नको.

बियांपासून रोप

हे झाड सहसा पिल्ले देत नाही. माथ्याला इजा झाली तर बाजूने फुटवे येतात. त्यामुळे बी हाच मुख्य मार्ग. चाळलेली बारीक खडी आणि पानांचे खत समप्रमाणात घेऊन प्रेशर कुकरमध्ये वीस-तीस मिनिटे वाफवावे आणि थंड होऊ द्यावे. झाकणाच्या पारदर्शक डब्यात पाच सेंटिमीटर थर द्यावा, उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवावा. बी वरच पसरावे, पुरू नये. त्याला उजेड लागतो. डबा बंद करून २२ ते २८ अंश तापमानात, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात ठेवावा. महाराष्ट्रात फेब्रुवारी सोयीचा. एक-दोन आठवड्यांत हिरवे मणी दिसू लागतात. महिना-दीड महिन्याने झाकण रोज थोडे अधिक उघडत जावे; एकदम उघडल्यास मणी सुकतात. बुंध्याशी पाणचट होऊन रोपे आडवी पडू लागली तर ती बुरशी. पडलेली लगेच काढून उरलेल्यांवर कॅप्टन हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम फवारावे. वर्षभरात रोप वाटाण्याएवढे ते बोराएवढे होते, दहा वर्षांत साधारण २०–२५ सेंटिमीटरचे. पिवळी फुले माथ्याच्या लोकरीतून वर्तुळात येतात, पण झाड ३५–४० सेंटिमीटरचे झाल्यावर. म्हणून कुंडीत ती क्वचितच दिसतात.

ड्रॅगन फ्रूटच्या खोडावर कलम केलेली छोटी रोपे लवकर वाढतात. मात्र डोके जड झाले की खालचे खोड वाकते किंवा कुजते. खरेदी करताना मातीच्या पातळीवर तिधारी हिरवे खोड दिसते का, ते पाहावे.

कुंडी बदलणे

लहान झाडाची दोन वर्षांनी, मोठ्याची चार-पाच वर्षांनी, आणि शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. आठवडाभर पाणी तोडावे, म्हणजे माती सुटी होते. लहान झाडाला वर्तमानपत्राच्या घडीचा पट्टा गुंडाळून उचलावे. ३० सेंटिमीटरचा गोळा बारा-चौदा किलोंचा भरतो. त्याला गोणपाटाच्या दोन झोळ्या आणि दोन माणसे हवीत. तुटलेल्या मुळांना सुकायला सावलीत पाच-सात दिवस द्यावेत, पूर्वीच्याच खोलीवर लावावे, आणि लावल्यावर आणखी आठवडाभर कोरडे ठेवावे. ओली जखम ओल्या मातीत गेली की कूज ठरलेली.

रोग आणि कीड

बुंधा तपकिरी दिसला म्हणून घाबरू नये. दाबून पाहावे: टणक आणि कोरडा असेल तर ते वयाचे बुच आहे. मऊ, ओलसर, वास येणारा असेल तर कूज. अशा वेळी झाड उपटून स्वच्छ सुरीने वर वर चकत्या काढत जावे. काप पूर्ण हिरवा-पांढरा, एकही लाल-तपकिरी ठिपका नसलेला दिसेपर्यंत थांबू नये, आणि प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसावी. कापावर गंधकाची भुकटी लावून तीन-चार आठवडे सावलीत सुकवून पुन्हा लावता येते. मोठी झाडे यातून क्वचितच वाचतात, कारण कूज बाहेर दिसते तेव्हा गाभा बहुधा गेलेला असतो.

पिठ्या ढेकूण माथ्याच्या लोकरीत लपतो आणि लोकरीसारखाच दिसतो, म्हणून उशिरा कळतो. कापसाच्या काडीने स्पिरिट लावावे, उन्हात नव्हे तर संध्याकाळी. मुळांवरचा पिठ्या याहून त्रासदायक: झाड कारणाशिवाय वाढायचे थांबले, तर कुंडीतून काढून मुळांवर पांढरी पूड आहे का ते बघावे. असल्यास सगळी माती टाकून मुळे धुवावीत, सुकवून नव्या मिश्रणात लावावे. लाल कोळ्यामुळे कोवळ्या माथ्यावर गंजासारखा थर येतो. विरघळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम फवारावे, पण ३५ अंशांच्या वरच्या उन्हात नाही, त्याने साल जळते.

तहानलेल्या प्रवाशाने बॅरल कॅक्टस फोडून पाणी प्यायल्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. आत पाण्याची पिशवी नसते. बुळबुळीत, आम्लयुक्त गर असतो, आणि तो रिकाम्या पोटी खाल्ल्यास मळमळ, उलट्या होऊन असलेले पाणीही जाते.