कॉलेज फुटबॉलमधील स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग इंटर्नशिप : अर्ज नेमका कोठे अडतो

अमेरिकेत किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचे शास्त्र) किंवा एक्सरसाइज सायन्स शिकायला गेलेल्या आपल्याकडील काही विद्यार्थ्यांना तेथील कॉलेज फुटबॉल संघाच्या वेट रूममध्ये, म्हणजे खेळाडूंची ताकद, वेग आणि दमसास घडविणाऱ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली, इंटर्नशिप करण्याची इच्छा असते. येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. या विद्यार्थ्यांना स्क्वॉट किंवा पॉवर क्लीन हे वजनांचे व्यायाम शिकवता येत नाही म्हणून त्यांची संधी हुकते असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा कागदपत्रे चुकीच्या क्रमाने गोळा केल्यामुळे ती हुकते, आणि चूक लक्षात येते तेव्हा रुजू होण्याची तारीख उलटून गेलेली असते.

नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगता येतील. बायोडेटा, अर्जाचे पत्र आणि दोन-तीन संदर्भदात्यांची नावे संघाच्या स्ट्रेंथ विभागाकडे पाठवायची, निवड झाल्यास व्हिडिओवर मुलाखत द्यायची, आणि मग पार्श्वभूमी पडताळणी व विद्यापीठाची ऑनलाइन प्रशिक्षणे पूर्ण करायची. पदवीच्या शेवटच्या वर्षांतील, पदव्युत्तर शिक्षण घेणारे किंवा नुकतेच पदवीधर झालेले उमेदवार सामान्यतः घेतले जातात. इंटर्नकडे व्यावसायिक प्रमाणपत्र असलेच पाहिजे असा आग्रह सहसा नसतो, पण सीपीआर (छाती दाबून हृदयक्रिया चालू ठेवणे) आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) यांचे चालू प्रमाणपत्र मागितले जाते.

पहिली अडचण ‘बिनपगारी’ या शब्दापासून सुरू होते. यांतील बऱ्याच जागा बिनपगारी असतात, आणि पैसेच मिळत नसतील तर परवानगी कशाला हवी, असा समज विद्यार्थ्यांमध्ये इतका पक्का आहे की तो दरवर्षी नव्याने खोडून काढावा लागतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यापीठात इंटर्न म्हणून काम करायचे असेल, तर मोबदला नसला तरी सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष काम करण्याची) परवानगी घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. ही परवानगी आपल्या विद्यापीठातील डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाविषयक काम पाहणारा अधिकारी, देतो आणि तिची नोंद नव्या आय-२० च्या (विद्यार्थी दर्जाच्या प्रमाणपत्राच्या) दुसऱ्या पानावर येते. ते पान हातात येण्याआधी एक दिवसही काम करू नये. प्रशिक्षकाने प्रेमाने ‘तू ये, कागद नंतर बघू’ असे म्हटले, तरीही नाही. कारण व्हिसाच्या दर्जाभंगाची नोंद झाली तर ती प्रशिक्षकाच्या नावावर होत नाही. आपल्याच विद्यापीठाच्या संघात पगारी जागा मिळाली तर ती कॅम्पसवरील नोकरी ठरते. तिला सीपीटी लागत नाही, मात्र सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा लागू होते. ज्यांच्या विद्यापीठाला स्वतःचा फुटबॉल संघ आहे, त्यांनी प्रथम तेथेच विचारावे.

सीपीटीसाठी इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असावी लागते, म्हणजे बहुधा तिच्यासाठी क्रेडिटचा विषय घ्यावा लागतो, आणि येथेच कोणाजवळही नसलेला कागद समोर येतो. दोन विद्यापीठांमधील अ‍ॅफिलिएशन अ‍ॅग्रीमेंट हा तो कागद. जबाबदारी कोणाची, विमा कोणाचा, इंटर्नला इजा झाल्यास काय, अशा मुद्द्यांचा हा करार दोन्हीकडच्या कायदा विभागांतून जातो, आणि त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. विद्यार्थ्याला तो स्वतः करता येत नाही, त्याच्या मागे कोणी लागत नाही, आणि दोन्ही कार्यालये ‘कागद पलीकडे पाठवला आहे’ असे शांतपणे सांगत राहतात. असा करार आधीपासून अस्तित्वात आहे का, हे जागेसाठी अर्ज करण्यापूर्वीच आपल्या विभागात विचारावे. नसेल, तर निवडीची वाट न पाहता तो सुरू करण्याची विनंती लेखी द्यावी. काही ठिकाणी इंटर्नने स्वतःचा व्यावसायिक दायित्व विमा काढावा अशी अटही असते. तो सहज मिळतो, फक्त वेळेत काढावा.

तारखांबाबत दोन गैरसमज वारंवार दिसतात. सीपीटीसाठी एक शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकलेले असावे लागते (पहिल्याच सत्रापासून प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे असलेले पदव्युत्तर अभ्यासक्रम याला अपवाद आहेत), पण कोणी ते बारा महिन्यांचे वर्ष समजून पहिला उन्हाळा वाया घालवतो, तर कोणी ऑगस्टमध्ये दाखल होऊन जानेवारीच्या जागेसाठी अर्ज करतो. सामान्यतः ऑगस्ट ते मे ही दोन सत्रे म्हणजे एक शैक्षणिक वर्ष. त्यामुळे पहिला उन्हाळा चालतो, पहिला जानेवारी चालत नाही. दुसरा गैरसमज ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर आपल्या विषयात काही काळ काम करण्याच्या परवानगीचा, आहे. तिचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, परंतु डीएसओच्या शिफारशीनंतर ३० दिवसांच्या आत तो दाखल व्हावा लागतो, आणि ही तिसरी मुदत चुकल्यामुळे अर्ज फेटाळले जातात. ‘अभ्यासक्रम संपणे’ म्हणजे आय-२० वरची तारीख, पदवीदान समारंभाची नव्हे. ओपीटीचे कार्ड हातात येईपर्यंत काम करता येत नाही; त्यामुळे उन्हाळ्याची जागा हवी असलेल्याने मे महिन्यात अर्ज भरणे म्हणजे ती जागा सोडून देण्यासारखेच आहे. ओपीटीवर आठवड्याला किमान २० तासांचे, आपल्या विषयातले बिनपगारी काम कामगार कायद्यात बसत असेल तर चालते. स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांसाठीच्या, ओपीटी मुदतवाढीत मात्र बिनपगारी काम मुळीच चालत नाही. त्या मुदतवाढीची पात्रताही विषयाच्या नावावरून नव्हे, तर आय-२० वरील सांकेतिक क्रमांकावरून ठरते.

पुढे याच क्षेत्रात राहायचे असेल तर प्रमाणपत्रांचे गणित इंटर्नशिप स्वीकारण्यापूर्वी मांडावे. कॉलेजच्या स्ट्रेंथ प्रशिक्षकांची संघटना असलेल्या सीएससीसीएच्या एससीसीसी प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ६४० तासांचा सराव लागतो. आठ आठवड्यांचा उन्हाळा, आठवड्याला ४० तास धरला तरी, ३२० तासच देतो. आणि सत्र चालू असताना २० तासांच्या अर्धवेळ सीपीटीवर उरलेल्या तासांना आणखी १६ आठवडे लागतात. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली तर त्या पदवीच्या पातळीवरील ओपीटीचा हक्क जातो, हेही याच हिशेबात धरावे. ‘माझे तास एससीसीसीसाठी धरले जातील का, आणि मार्गदर्शक कोण असेल?’ हा प्रश्न मुलाखतीतच विचारावा. तो विचारल्याने कोणी रागावत नाही. एनएससीए या दुसऱ्या संघटनेच्या सीएससीएस या प्रमाणपत्र परीक्षेला अशी तासांची अट नाही. तिला पदवी, किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षातील प्रवेश, आणि सीपीआर-एईडी प्रमाणपत्र लागते.

सीपीआरचे निव्वळ ऑनलाइन मिळालेले प्रमाणपत्र एनएससीएकडे चालत नाही. पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव झालेला असावा लागतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनची केंद्रे भारतातही आहेत आणि त्यांचे कार्ड दोन वर्षे चालते, त्यामुळे निघण्यापूर्वी ते काम उरकता येते. ही अट कोणी केवळ औपचारिकता समजू नये, सरावात जिवावर बेतणारे प्रसंग खरोखरच येतात. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा एक फुटबॉलपटू कंडिशनिंगच्या सत्रात उष्माघाताने कोसळला आणि पुढे दगावला.

आपल्याकडच्या गुणपत्रिका ही वेगळीच डोकेदुखी आहे. आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि काही विद्यापीठांत शेवटी आईचेही, असा क्रम पाहून अमेरिकेतील लिपिक आडनावालाच पहिले नाव समजतो, आणि पासपोर्टशी मेळ न बसल्यामुळे पडताळणी थांबते. सर्व अर्ज पासपोर्टवरील नावाने भरावेत आणि नावाचा क्रम स्पष्ट करणारे विद्यापीठाचे पत्र सोबत ठेवावे. भारतातील तीन वर्षांची पदवी तेथे पूर्ण पदवी मानली जाईलच असे नाही, म्हणून आपल्या पदवीचा मूल्यांकन अहवाल आधीच काढावा. पडताळणीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा (अमेरिकी सरकार देते त्या ओळख क्रमांकाचा) रकाना सक्तीचा असतो आणि नव्या विद्यार्थ्याकडे तो क्रमांक नसतो. तेथे मनाने शून्ये भरून पुढे जाऊ नये, मनुष्यबळ विभागाला लिहून पर्यायी मार्ग मागावा. सीपीटीच्या आधारे त्या क्रमांकासाठी अर्ज करायचा असेल, तर तो काम सुरू होण्याच्या फार तर ३० दिवस आधी स्वीकारला जातो.

भारतातूनच थेट जाणाऱ्यांसाठी पर्यटक व्हिसा हा मार्ग नाही, मग ओळखीचा प्रशिक्षक काहीही सांगो. भारतातील पदवी चालू असलेल्याला जे-१ या विनिमय व्हिसाच्या ‘स्टुडंट इंटर्न’ प्रकारात जाता येते, पण त्यासाठी तेथील विद्यापीठाने प्रायोजक होऊन डीएस-२०१९ हा पात्रतेचा दाखला द्यावा लागतो आणि डीएस-७००२ हा प्रशिक्षण आराखडा भरावा लागतो. आठवड्याला किमान ३२ तास काम, आरोग्य विमा, आणि कारकुनी काम २० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, अशा त्याच्या अटी आहेत. वेट रूममधील नव्या इंटर्नचा बराचसा दिवस रॅक पुसण्यात, प्लेट लावण्यात आणि प्रोटीनच्या बाटल्या भरण्यात जातो. म्हणून आराखड्यात ‘मदतनीस’ एवढेच लिहून न थांबता, कोणत्या आठवड्यात वॉर्म-अप कोण घेईल, उड्या आणि धावण्याच्या चाचण्यांची मोजणी कोण करील आणि प्रशिक्षण आराखडा लिहायला कोण शिकवील, हे प्रशिक्षकाकडून लिहून घ्यावे.