स्टेपवर पाय नेमका कुठे चुकतो?

जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की ठाण्यात तलावपाळीच्या फेऱ्या बंद, नवी मुंबईत पाम बीच रोडचं सकाळचं चालणं बंद, आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घरच्या घरी करायच्या व्यायामाचे व्हिडिओ फिरायला लागतात. त्यात स्टेप एरोबिक्सचा, म्हणजे पायरीएवढ्या बोर्डवर संगीताच्या तालात चढ-उतार करण्याचा, एखादा असतोच: ‘बिगिनर्ससाठी, ३० मिनिटांत ५०० कॅलरी!’ बोर्ड ऑनलाइन मागवला जातो, टीपॉय भिंतीला सरकतो, आणि आठव्या मिनिटाला पडद्यावरची बाई एका दिशेला वळते तेव्हा आपण दुसऱ्याच दिशेला तोंड करून उभे असतो. मग निदान ठरलेलं: ‘नाच मुळात अंगात असावा लागतो. आपल्याला ताल नाही.’

आरतीला टाळ्या बरोबर पडतात ना? मग ताल आहे. स्टेपवर गडबड होते ती हिशेबात. या क्षणी कोणता पाय मोकळा आहे, एवढाच तो हिशेब. तो शिकवणारा व्हिडिओ कसा ओळखायचा, हा खरा प्रश्न.

आधी त्या ५०० चा निकाल लावू. १५ ते २० सेंटिमीटर उंच स्टेपवरच्या व्यायामाला सुमारे ७.५ मेट धरतात, म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाच्या साडेसातपट ऊर्जा. ६० किलो वजनाला अर्ध्या तासाचे ७.५ × ६० × ०.५, म्हणजे २२५ किलोकॅलरी. वॉर्मअप आणि शेवटचं स्ट्रेचिंग त्याच अर्ध्या तासात बसवलं तर आणखी कमी. ‘पोटाची चरबी वितळवणारी स्टेप’ तर कुठेच नसते. चरबी आधी कुठली जावी हे पाय ठरवत नाहीत.

‘बिगिनर’ या शब्दातही दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात, दम आणि पावलांचा गुंता. येऊरचा चढ न थांबता धावणारा माणूस गुंत्याच्या बाबतीत अगदी कोरा असू शकतो. बहुतेक बिगिनर व्हिडिओ दम कमी मागतात, म्हणजे उड्या काढून टाकतात, पण कोरिओग्राफी तशीच भरधाव ठेवतात. आपल्याला बरोबर उलटं हवं असतं.

पायरीवर चढ-उतार करून शरीर तपासण्याची कल्पना जुनी आहे. १९४३ च्या हार्वर्ड स्टेप टेस्टमध्ये २० इंच उंचीवर मिनिटाला ३० वेळा चढायचं, सलग ५ मिनिटं. एका चढ-उताराला चार पावलं, म्हणजे मिनिटाला तालाचे १२० ठोके. त्याला संगीत जोडून व्यायाम म्हणून नाव मिळालं ते १९८९ च्या सुमारास. अमेरिकेतल्या प्रशिक्षक जिन मिलर गुडघ्याच्या दुखापतीतून सावरताना पायरीवर चढ-उतार करत होत्या. त्यातून हा प्रकार उभा राहिला आणि रीबॉक कंपनीने तो जगभर नेला. लय आजही त्याच आसपास आहे. शिकणाऱ्याला ११८ ते १२८ बीट्स प्रति मिनिट पुरे.

१२८ च्या लयीत एक बीट ०.४७ सेकंदाची. एक बीट म्हणजे एक काउंट. आठ काउंटचा एक गट, असे चार गट मिळून ३२ काउंटचा एक ब्लॉक, बरोबर १५ सेकंदांचा. मिनिटात असे चार ब्लॉक मावतात. शाळेत लेझीम खेळलेल्याला आठाचा गट शिकवावा लागत नाही, तो कानात बसलेलाच असतो. या ३२ च्या चौकटीत पाय कसे बसतात, ती या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. जरा सावकाश पाहू.

बेसिक स्टेप घ्या. उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. चार काउंट झाले. पाचव्याला कोणता पाय उचलेल? उजवाच, कारण वजन आत्ता डाव्यावर आहे. बेसिक दिवसभर करत राहिलात तरी सुरुवात उजव्यानेच होईल. सुरुवात करणाऱ्या पायाला लीड म्हणतात.

आता नी-अप. उजवा वर, डावा गुडघा उचलायचा, डावा खाली, उजवा खाली. काउंट चारच. पण आता वजन उजव्यावर आहे आणि मोकळा आहे डावा. लीड बदलला!

काउंट सारखेच असून फरक का पडला? कारण काउंट आणि वजनबदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेसिकमध्ये वजन चार वेळा एका पायावरून दुसऱ्यावर गेलं, नी-अपमध्ये तीनच वेळा. गुडघा हवेत होता त्या काउंटला काहीच हललं नाही. नियम असा: वजनबदल सम असतील तर लीड तोच राहतो, विषम असतील तर बदलतो. व्ही-स्टेप (चढताना पाय फाकवून बोर्डवर, उतरताना जवळ, इंग्रजी व्हीसारखे) आणि मॅम्बो (एक पाऊल पुढे, दुसरं जागेवर, पहिलं मागे, दुसरं जागेवर), चार-चार, लीड तोच. टर्न स्टेप (वळत वळत चढून उतरणं) आणि ओव्हर द टॉप (बोर्ड ओलांडून पलीकडे उतरणं) यांच्या शेवटी पाय नुसता टेकवायचा असतो, त्याला टॅप म्हणतात. म्हणून वजनबदल तीन, लीड बदलतो. तीन गुडघ्यांचा रिपीटर, म्हणजे एका पायावर बोर्डवर उभं राहून दुसरा गुडघा तीनदा उचलायचा आणि मधे तो पाय मागे जमिनीवर टेकवायचा, आठ काउंटचा, पण त्यातही वजनबदल तीनच. आणि मॅम्बो-चाचाचामध्ये चार काउंटांत पाच पावलं, कारण शेवटच्या दोन काउंटांत तीन पावलं कोंबलेली असतात. पाच विषम, लीड बदलला.

नवशिक्यांच्या बहुतेक चुका दोनच ठिकाणी होतात, हे यावरून लगेच कळतं. पहिली रिपीटरमध्ये. मागे जमिनीवर पाय नुसता टेकवायचा असतो. पण बोर्डवरून खाली गेलेल्या पायावर शरीर सहजच वजन सोडून देतं. तीनाचे चार झाले, पुढचं सगळं उलटं. दुसरी चाचाचामध्ये. तीनऐवजी दोनच पावलं पडतात, पाचाचे चार होतात, पुढचं पुन्हा उलटं. गंमत म्हणजे घोटाळा जाणवतो तो पुढच्या स्टेपला, म्हणून माणूस चुकीच्या जागी सराव करत बसतो. ‘मला टर्न स्टेप जमत नाही’ म्हणणाऱ्याची टर्न स्टेप बहुधा चांगली असते; बिघडलेला असतो आधीचा रिपीटर. इलाज स्वस्त आहे. कुठेही एका पावलाऐवजी एक टॅप घाला, सम-विषम पुन्हा जुळतं.

आता हाच नियम पूर्ण ब्लॉकला लावू. दोन व्ही-स्टेप (८ काउंट), एक रिपीटर (८), दोन टर्न स्टेप (८), एक मॅम्बो-चाचाचा (४), एक बेसिक (४). बेरीज ३२. लीड बदलणाऱ्या स्टेप किती? रिपीटर एक, टर्न स्टेप दोन, चाचाचा एक. चार, म्हणजे सम. ब्लॉक उजव्याने सुरू झाला आणि संपल्यावर पुन्हा उजवाच मोकळा. व्ही-स्टेप डाव्याने सुरू करायची पाळी जन्मात येणार नाही. शेवटच्या बेसिकच्या जागी नी-अप ठेवा, चाराचे पाच होतील आणि पुढची फेरी आपोआप डाव्याने सुरू होईल. चांगली कोरिओग्राफी बसवणारे हे डोक्यात ठेवूनच जुळवतात.

नव्या घरात पहिला पाय उजवा, नवरीने माप ओलांडायचं तेही उजव्याने. स्टेपला हा शकुन मानवत नाही. सगळा काळ उजवाच लीड ठेवला तर १२८ च्या लयीत मिनिटाला ३२ वेळा अख्खं शरीर तोच पाय वर उचलतो, वीस मिनिटांत ६४० वेळा. म्हणून एकाच लीडवर सलग मिनिटापेक्षा जास्त राहू नये, एका पायावर उभं राहून सलग पाचपेक्षा जास्त वेळा गुडघा उचलू नये, असा या व्यायामातला जुना संकेत आहे. डावी बाजू ‘तुम्ही करा’ म्हणून सोडून देणारा व्हिडिओ तिथेच बंद करावा.

हिशेब कळला, तरी तो चालत्या संगीतात लक्षात कसा ठेवायचा? जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा सात, कमी-जास्त दोन अशी सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. वरच्या ब्लॉकमध्ये पाच प्रकारच्या सात स्टेप आहेत. त्या सुट्या-सुट्या डोक्यात मावत नाहीत, जोडून-जोडून त्यांचे मोठे तुकडे करावे लागतात, मोबाइल नंबर आपण तुकड्यांत पाठ करतो तसे. म्हणून शिकवण्याची पद्धत पाहायची.

एक पद्धत अ‍ॅड-ऑन. आधी ‘अ’, मग ‘अ-ब’, मग ‘अ-ब-क’, दर वेळी सुरुवातीपासून. भोंडल्यातल्या साखळी गाण्यासारखी. हिचा दोष एवढाच की ‘अ’ शंभरदा होतो आणि शेवटचा तुकडा दोनदा.

दुसरी लेअरिंग. आधी सगळा ३२ चा सांगाडा साध्या स्टेपनी उभा करायचा आणि मग एकेक स्टेप बदलत न्यायची. गुंतागुंतीच्या कोरिओग्राफीकडे जायला मला हीच सरस वाटते, कारण पाय कधी बंद पडत नाहीत. इथे तो सम-विषमाचा नियम पुन्हा डोकं वर काढतो. बदली स्टेपचे काउंट तेवढेच हवेत आणि जातही तीच हवी. बेसिकच्या जागी मॅम्बो चालते, चाराला चार. नी-अपच्या जागी मॅम्बो-चाचाचा चालते, तीनाच्या जागी पाच, दोन्ही विषम. नी-अपच्या जागी साधी मॅम्बो घातली की पुढचा अख्खा ब्लॉक कोसळतो.

व्हिडिओ करण्याआधी चहा घेत बसून तो एकदा नुसता पाहावा, आणि मोजावं. ३० मिनिटांतून वॉर्मअप आणि कूलडाऊन वजा करून १८ मिनिटं उरली, तर १२८ च्या लयीत ३२ काउंटच्या ७२ फेऱ्या होतात. उजवी-डावी धरून ३६ जोड्या. तीन ब्लॉक असतील तर प्रत्येकी १२ जोड्या, ठीक. सहा ब्लॉक असतील तर सहाच, आणि शेवटची सलग उजळणी त्यातूनच जाणार. पहिल्या महिन्यात दोन किंवा तीन ब्लॉकच्या पुढे जाऊ नये. नवी स्टेप आल्यावर किमान चारदा होते का, हेही पाहावं.

मग सूचना कधी मिळते ते पाहा. आवाज ऐकून ठरलेली एकच हालचाल करायला साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद लागतात, पण पर्याय वाढले की वेळ वाढतो. आणि इथे नाव ऐकून, ओळखून, पाय निवडून, वजन सावरायचं असतं. चार काउंट आधी ‘टर्न स्टेप’ म्हटलं तर हातात १.९ सेकंद असतात. दोन काउंट आधी म्हटलं तर ०.९४, मुरलेल्यांना पुरेसे, नवख्याला नाहीत. आणि जी इन्स्ट्रक्टर सांगतच नाही, नुसती करून दाखवते, तिच्या मागे माणूस कायम एक बीट मागे राहतो. डोळ्यांनी टिपायला पाव सेकंद, पाय हलायला जवळजवळ तेवढाच, म्हणजे अर्ध्या सेकंदाची बीट गेलीच. हा तुमचा दोष नाही, भागाकार आहे.

फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकून आवाज ब्लूटूथ स्पीकरवर घेतला तर आवाज ०.१ ते ०.२ सेकंद मागे पडू शकतो, जवळजवळ अर्धी बीट. टीव्हीचाच आवाज वापरावा.

समोर तोंड करून शिकवणारी इन्स्ट्रक्टर ‘राइट’ म्हणताना स्वतःचा डावा पाय उचलते, आरशासारखी. हे चांगलं. पण वळणं सुरू झाली की आरसा गोंधळ घालतो. तेव्हा पाठमोरी शिकवणारी किंवा मागे खरा आरसा असलेली बरी. काही व्हिडिओ एडिटिंगमध्ये उलटे केलेले असतात, टी-शर्टवरची अक्षरं उलटी दिसतात त्यावरून ओळखू येतं. सगळ्यांत वाईट म्हणजे जिथे नेमक्या नव्या स्टेपला कॅमेरा चेहऱ्यावर जातो. एकाच जागी ठेवलेला, पूर्ण बोर्ड आणि दोन्ही पाय दाखवणारा साधा कॅमेरा हजारपट उपयोगी.

वेग कमी करायचा तर ०.९ पट, १२८ चे ११५ होतात. ०.७५ करू नका; ९६ च्या लयीत एका पायावर इतका वेळ तोलावं लागतं की नी-अपला झोक जातो आणि भलतीच सवय लागते.

बोर्डाबद्दल थोडं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ७० सेंटिमीटर लांबीचे बोर्ड बेसिकला पुरतात. पण आडव्या जाणाऱ्या आणि कोपऱ्यांवरच्या स्टेपना साधारण ११० बाय ४० सेंटिमीटरचा पूर्ण बोर्ड लागतो. लहान बोर्डवर तीच कोरिओग्राफी केली की पाय कडेवर पडतो. घरातला लाकडी पाट तर अजिबात नको, गुळगुळीत टाइल्सवर तो सटकतो. उंची १० सेंटिमीटर, राइझर (बोर्डाखाली लावायचे उंची वाढवणारे ठोकळे) न लावता. दम वाढवायचा असेल तर लय वाढवू नका, उंची वाढवा: १० वरून १५ केली की चढण्याचं काम दीडपट होतं, लय १२८ वरून १३४ केली तर पाचेक टक्केच, आणि पाय मात्र गुंततात. अर्थात नवी कोरिओग्राफी शिकताना दोन्ही नकोत.

पावसाळ्यातल्या दमट हवेत टाइल्स ओलसर होतात. बोर्डाखाली पातळ रबरी मॅट टाका. जाड फोमच्या योगा मॅटवर बोर्ड डुलतो. घरात बूट घालणं जिवावर येत असेल तर फक्त घरातच वापरायचा एक स्वच्छ जोड ठेवा, तळ सपाट असलेला. धावण्याचे खोल खाचांचे बूट वळताना जमिनीला धरून बसतात आणि पीळ गुडघ्याला बसतो. वळताना वळणाऱ्या पायावर पूर्ण वजन नको. चढताना अख्खं पाऊल बोर्डवर, उतरताना बोर्डापासून पावलाच्या लांबीपेक्षा लांब नाही, आणि आधी चवडा मग टाच. खालच्या मजल्यावरून तक्रार आली तर समजा टाच आपटते आहे.

एकच व्हिडिओ एका आठवड्यात तीनदा किंवा चारदा करा, रोज नवा नको. हालचालींचा क्रम सरावानंतरच्या झोपेतही पक्का होत जातो. हात पहिले दोन दिवस कमरेवर ठेवा. अडखळण्याची जागा बहुधा दर वेळी तीच निघते; तिची वेळ कागदावर लिहून ठेवा, आणि व्हिडिओ तिथून नाही, त्याच्या आधीच्या आठ काउंटपासून लावा.