उकिरडा (ग्रामीण विदर्भ)

उकिरडा : घरातला आणि गोठ्यातला कचरा साठवून, कुजवून त्याचे खत करण्याची जागा. वऱ्हाडी बोलीत उकंडा. शेतकरी कुटुंबाचा उकिरडा बहुधा स्वतःचा असतो, गोठ्यामागे किंवा गावाच्या कडेला. त्याला कचराकुंडी समजणे चूक आहे. कुंडीत टाकलेले परत येत नाही, उकिरड्यावर टाकलेले वर्षभराने शेतात जाते. शेण, जनावरांनी खाऊन उरलेले कुटार (भुसा), कडब्याची धांडे, चुलीतली राख, भाजीचे देठ, अंगणातला केर असे सगळे त्यावर पडते आणि उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, बंडीत (बैलगाडीत) भरून वावरात पांगवले जाते. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आहे. शेतकऱ्याच्या घरी ते दरवर्षी फिटतात.

उघड्या उकिरड्याचे दोष मात्र मोठे आहेत. उन्हाने ढीग सुकतो, पावसात खताचे सत्त्व धुऊन नालीत जाते, माश्या आणि दुर्गंधी घरापर्यंत येते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत, ते याच गावांमधून. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्याने 2000-01 पासून सुरू केले.

उकिरड्याची सर्वांत मोलाची सुधारणा विदर्भातच झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पंढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी विटांचे जाळीदार टाके बसवले. लांबी 10 फूट, रुंदी 6 फूट, उंची 3 फूट. हवा खेळावी म्हणून भिंतीत ठिकठिकाणी विटांच्या फटी सोडलेल्या. आधी काडीकचऱ्याचा सहा इंच थर, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण), त्यावर चाळलेली कोरडी माती, असे थर भिंतीच्या वर दीड फुटापर्यंत चढवायचे आणि माती-शेणाने लिंपून टाकायचे. पंधरा-वीस दिवसांत ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचा. लिंपणाला भेगा पडू द्यायच्या नाहीत, ओल टिकवायची. एका टाक्याला साधारण 1400 ते 1500 किलो काडीकचरा लागतो, शेण मात्र फक्त 90 ते 100 किलो. तीन-चार महिन्यांनी सुमारे 3 टन खत निघते. टाके फोडले की आत काळसर, भुसभुशीत माल असतो. मुठीत धरला तर पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा वास येतो, शेणाचा येत नाही. एखाद-दुसरी गाय राहिलेल्या घरालाही पुरेसे खत करता येते, हे या पद्धतीचे खरे मोठेपण. गोठे रिकामे होत चाललेल्या आजच्या विदर्भात तर त्याची गरज अधिकच आहे.

शेतीमालावरचे उद्योगही याच साखळीत बसतात. जिनिंगमध्ये क्विंटलभर कापसातून 34 किलोच्या आसपास रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचे तेल होते, ढेप (पेंड) बैलापुढे जाते आणि बैलाचे शेण पुन्हा उकिरड्यावर. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांत धानाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तूस निघतो. उकड्या तांदळाच्या गिरण्या तोच बॉयलरमध्ये जाळतात. पण कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, मौदा, तिरोडा इथल्या औष्णिक वीज केंद्रांची राख कोणत्याही उकिरड्याला पेलणारी नाही. भारतीय कोळशात 30 ते 40 टक्के राख असते. ती विटा आणि सिमेंटमध्ये वापरावी, असे नियम 1999 पासून आहेत. जी उरते ती बंधाऱ्यात साठते आणि उन्हाळ्यात वाऱ्यावर उडून लगतच्या शेतांवर बसते.

कापसाच्या वेचणीनंतर उरणारी पऱ्हाटी हा सर्वांत अवघड माल. हेक्टरी दोन-तीन टन निघते, लाकडासारखी टणक, लवकर कुजत नाही. पूर्वी ती चुलीत जाई. घरात गॅस आल्यावर ती धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पेटवली जाते. तशीच ठेवली तर तिच्यावरच्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात पिकावर येते. म्हणून घराशेजारी पऱ्हाटी रचणे हा उपाय नव्हे. यंत्राने बारीक करून ती जमिनीत मिसळता येते, टाक्यात भरता येते किंवा तिच्या कांड्या करून इंधन म्हणून विकता येते. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्याही बनवून दाखवल्या आहेत. यंत्र गावात भाड्याने मिळाले तर शेतकरी काडी पेटवत नाही.

उकिरडा बिघडवला तो पन्नीने, म्हणजे पातळ प्लॅस्टिकने. विदर्भात खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण, पन्नीत घोटून त्याच पन्नीत बांधून देतात. अशा इवल्या पन्न्या पानठेल्यापासून अंगणापर्यंत पडतात, केरात येतात आणि खतासोबत वावरात जातात. पावसाळ्यात वखराच्या पासेला (लोखंडी पात्याला) गुंतून त्या वर येतात, आणि बैल थांबवून हाताने सोडवाव्या लागतात. राज्याने 2018 साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली, पण पन्नी थांबली नाही. लग्नाच्या पंगतीतली पळसाच्या पानांची पत्रावळ गुरे खातात किंवा ती कुजते. थर्माकोलचे ताट वर्षानुवर्षे तसेच राहते.

कीटकनाशकाचे रिकामे डबे तर उकिरड्यावर येताच कामा नयेत. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून हा धोका प्रत्येक गावाला ठाऊक आहे. तरी धुतलेल्या डब्यात पाणी किंवा तेल भरलेले आजही दिसते. डबा तीनदा खळखळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, डब्याला भोके पाडावीत आणि तो वेगळा साठवावा. पन्नी, काच, बॅटऱ्यांसाठी घराच्या भिंतीला एक जुने पोते खिळ्याला टांगले तरी पुरते, आणि ज्या घरी ते टांगलेले असते तिथला उकिरडा ओळखू येतो : कोंबड्या उकरत असतात आणि त्यातून काहीही चमकत नाही.