कॉकपिटच्या दाराच्या दोन बाजू: वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या सहकार्याची पार्श्वभूमी

चिपीच्या सड्यावरून ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गची प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळही वापरात आला. एटीआर ७२ सारख्या, चिपीला येणाऱ्या छोट्या विमानात साधारण सत्तर प्रवासी बसतात आणि त्यांची जबाबदारी दोन वैमानिक व दोन केबिन क्रू (प्रवाशांची सेवा व सुरक्षा पाहणारे कर्मचारी) अशा चौघांवर असते. या चौघांनी एकमेकांशी कसे बोलावे, कोणी कोणाला केव्हा टोकावे, याचे आजचे नियम बहुतांशी अपघातांच्या चौकशीतून आलेले आहेत. विमान क्षेत्रात नोकरीची उमेद धरणाऱ्या कोकणातील मुलामुलींना हा इतिहास माहीत असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

प्रारंभी विमानाने जहाजाची शिस्त उचलली. कप्तानाचा शब्द अखेरचा आणि इतरांनी तो पाळायचा. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले तेव्हा विमानात ते एकटेच होते, त्यामुळे सहकार्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत त्याआधी दोन वर्षे एलन चर्च ही परिचारिका हवाई सुंदरी म्हणून रुजू झाली होती. तिने विमान चालवण्याचे शिक्षण घेतले होते, परंतु वैमानिकाची जागा तिला मिळाली नाही. कॉकपिट पुरुषांचे आणि केबिन बायकांची ही वाटणी पुढे अनेक दशके टिकली. एअर इंडियात पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीची सेवा संपुष्टात येत असे. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ती अट रद्द केली. जिच्या नोकरीचीच अशी शाश्वती नव्हती, तिने चार सोनेरी पट्ट्यांच्या कप्तानाला बेधडक टोकावे, अशी अपेक्षा कोणी करावी? १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सर्व महिला कर्मचारी असलेले फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेले, ही घटना त्यामुळेच या इतिहासात मोलाची ठरते.

हर्णै किंवा मालवणच्या नौकेवर तांडेलाचा, म्हणजे नौकेच्या प्रमुखाचा, हुकूम चालतो, तरीही नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या) खलाशाला पुढे खडप (खडक) दिसला तर त्याने ओरडून सांगायचे, हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही. विमानात मात्र ते शिकवावे लागले. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवर धडकून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यातील एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने (कॉकपिटमध्ये बसून यंत्रणांवर लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याने) धावपट्टी मोकळी आहे का, अशी शंका बोलून दाखवली होती, पण ती बाजूला सारली गेली. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांना परस्परसंवादाचे रीतसर प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. तरीही हे सारे कॉकपिटच्या आतच राहिले.

दार ओलांडण्यास आणखी दोन अपघात घडावे लागले, तेही १९८९ च्या पहिल्या तीन महिन्यांत. ८ जानेवारीला इंग्लंडमधील केगवर्थजवळ कोसळलेल्या बोइंग ७३७ चे डावे इंजिन बिघडले होते, वैमानिकांनी उजवे बंद केले आणि कप्तानाने उजव्या इंजिनात बिघाड असल्याचे प्रवाशांना सांगितलेही. डाव्या बाजूच्या ज्वाळा केबिनमधील लोकांना दिसल्या होत्या. मात्र ही माहिती कॉकपिटपर्यंत कोणीही नेली नाही आणि ४७ जण मरण पावले. १० मार्चला कॅनडातील ड्रायडन येथे पंखांवर बर्फ साचलेले असतानाच विमानाने उड्डाण केले; त्यात ६९ पैकी २४ जण दगावले. ते बर्फ केबिन क्रूने पाहिले होते, प्रवासी म्हणून बसलेल्या वैमानिकांनीही पाहिले होते. कप्तानाला ते दिसले असेलच, आणि वैमानिकाच्या कामात आपण कसे बोलावे, या दोन समजुतींनी सगळ्यांची तोंडे बंद केली. माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठा धडा ड्रायडनचाच आहे, कारण तेथे यंत्राच्या गुंतागुंतीचा प्रश्नच नव्हता. खिडकीतून दिसणारी गोष्ट सांगायची होती. पुढील काळात वैमानिक आणि केबिन क्रू यांना एकत्र प्रशिक्षण देण्याची पद्धत रुजत गेली.

आपल्याच किनाऱ्यावर, कोकणाच्या दक्षिणेला, मंगळुरूत २२ मे २०१० रोजी विमान अपघातात १५८ जणांचा बळी गेला. तेथे सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास सांगितले होते, पण कप्तानाने वेळेत ऐकले नाही.

वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या संवादात अमेरिकेवरील सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर एक नवी अडचण आली. कॉकपिटचे दार मजबूत करून उड्डाणात कुलूपबंद ठेवणे बंधनकारक झाले, ते आवश्यकच होते. परंतु समोरासमोरची गाठभेट कमी होऊन इंटरफोनवरच (विमानातील अंतर्गत फोनवरच) भिस्त आली. उड्डाणापूर्वीच्या ब्रीफिंगचे, म्हणजे सूचना देण्याच्या बैठकीचे, महत्त्व त्यामुळे वाढले. पावसाळ्यात चिपी किंवा मोपाकडे येताना हादरे कोठे बसतील, केबिन क्रूने सेवा थांबवून केव्हा बसावे आणि गडबड झाल्यास कोणत्या शब्दांत कळवावे, हे कप्तानाने आधीच मोकळेपणाने सांगितले, तर पुढे विचारताना कोणी कचरत नाही.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटले. तटरक्षक दलाच्या विमानातील पाच जण मरण पावले, परंतु जपान एअरलाइन्सच्या विमानातील ३७९ जण बाहेर पडले. घोषणा यंत्रणा बंद पडली होती, म्हणून केबिन क्रूने मेगाफोन वापरले. मागील दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याचा कॉकपिटशी संपर्क होत नव्हता. बाहेर आग नाही याची खात्री करून तिने कप्तानाच्या आदेशाची वाट न पाहता दार उघडले, आणि कप्तान स्वतः सर्वांत शेवटी बाहेर आला.